वरच्या फळीचं औषध

सदर इसम पुरुष असून उंचीने मध्यम, अंगाने शिडशिडीत व वर्णाने सर्वसाधारण आहे. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कात्रीचा घट्टा. वय पन्नाशीपुढे, पुरावा सादर केला नाही. हुद्दा : औषध विक्री साहाय्यक. शिक्षण : शाळेपर्यंत. कर्तव्ये : नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, अधिकृत डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीबरहुकूम ग्राहकांस औषधे काढून देणे. वर्तणूक नम्र. देखरेख समाधानकारक.

असा शेरा तपासनिसाने मारला होता आणि त्यात धडधडीत खोटं म्हणावं असं काही नव्हतं. नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात खरोखरच होता. तो भिंतीवर होता, परवान्याच्या कोपऱ्यात, टाय लावून, काचेआड. देहाने तो दुसऱ्या गावी फरशा विकत असे, आणि त्याच्या नावाचं भाडं मालक त्याला पोचवत असत. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला ओल्या फडक्याने पुसलं, की पुढलं वर्षभर त्याची देखरेख समाधानकारक चाले.

बाकी दुकान चालवत ते भारीमामा. त्यांचं पाळण्यातलं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. समोर कुणी येऊन उभं राहिलं, की चष्म्यावरून बघत ते विचारत, "हलकं देऊ का भारी?" यावरून ते नाव पडलं. पोरांनी पाडलं, मोठ्यांनी उचललं आणि शेवटी मामांनीही ते बिनतक्रार अंगावर घेतलं. बायकोला आपोआपच मामी हे पद मिळालं, तिला कुणी विचारलंही नाही.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची निमुळती जागा. पुढे काच लावलेलं टेबल, मागे भिंतभर लोखंडी मांडणी, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. गल्ली कामकरी लोकांची. मोठ्या दवाखान्यात जायचं तर दिवस रांगेत जाणार, आणि दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. गल्लीतले डॉक्टर जीभ बघायचे पैसे घेत आणि शेवटी मामा जे देणार तेच लिहून देत. तेव्हा लोकांनी मधला माणूस काढून टाकला होता. यात त्यांचा काही अडाणीपणा नव्हता, व्यवहार होता.

मामांचं निदानही तसंच व्यवहारी होतं. ते जीभ बघत नसत, नाडी बघत नसत. कुणाला काय होतंय एवढं विचारून ते मुद्द्यावर येत : "उद्या कामावर जायचंय का?" जायचं नसेल तर हलकं, जायचं असेल तर भारी. आता त्या गल्लीत उद्या कामावर जायचं नसलेला माणूस शोधायचा तर तो अंथरुणाला खिळलेलाच असायचा, आणि त्याला हलकं देऊन भागण्यासारखं नसे. त्यामुळे प्रश्न दोन पर्यायांचा असला, तरी उत्तर बहुधा एकच येई.

मग कात्री चाले. अख्खं पाकीट मागणारं गिऱ्हाईक मामांनी क्वचितच पाहिलं. दोन दिवसांच्या गोळ्या कापायच्या, कागदाच्या पुडीत घालायच्या आणि वर सल्ला द्यायचा : बरं वाटलं तर सोडा, नाही वाटलं तर या. लोकांना हा सल्ला फार पटे. औषध म्हणजे काही धान्य नव्हे, की साठवून रोज खावं. तरी एखाद-दुसरी गोळी उरेच. ती डब्यात जाई, आणि शेजारणीच्या मुलाला खोकला झाला की चमचाभर साखर मागावी तशी डब्यातून मागून नेली जाई. गल्लीत माया होती, ती अशी गोळीगोळीने वाटली जात होती.

मांडणीला तीन फळ्या होत्या. मामांनी त्यांवर औषधं नावाप्रमाणे लावली नव्हती की कंपनीप्रमाणेही नव्हती. ती लावली होती ताकदीप्रमाणे. खाली हलकं, मध्ये मधलं, वर भारी. आणि वरच्यासाठी स्टुलावर चढावं लागे. ताकद ठरवायची रीत त्यांची स्वतःची होती. पुडी नेलेलं गिऱ्हाईक परत येऊन "मामा, काही फरक नाही" म्हणालं, की ते मनात खूणगाठ बांधत. असं म्हणणारे वाढले, की एखाद्या निवांत दुपारी तो डबा उचलून खालच्या फळीवर ठेवून देत. वर मोकळी झालेली जागा कंपनीचा माणूस नव्या डब्याने भरून जाई. तो माणूस दर खेपेला सांगे की याच्यापुढे काही टिकत नाही, आणि दर खेपेला ते काही काळ खरंही असे.

मामा उमेदवारीला लागले, तेव्हा जी गोळी वरच्या फळीवर दिमाखात बसे आणि मालक जिला हात लावू देत नसत, ती आता सगळ्यात खाली खोकल्याच्या वड्यांशेजारी, पेन्शनीत निघालेल्या हवालदारासारखी बसून होती. तिला कुणी भीत नव्हतं. तिच्या मागून आलेल्याही एकेक करून उतरल्या. सुरुवातीला एखादी उतरायला वर्षांमागून वर्षं लागत. अलीकडे मामांना स्टुलावर चढायचा सराव जरा जास्तच झाला होता. डबे उतरताना त्यांनी पाहिले होते. चढताना एकही पाहिला नव्हता.

दुकानाच्या पायरीवर फुकटचं वर्तमानपत्र वाचायला एक निवृत्त मास्तर येऊन बसत. एकदा मामा डबा खाली घेत असताना मास्तरांनी विचारलं, हे काय चाललंय.

"माणसं निबर झाली मास्तर. पूर्वी निम्म्या गोळीत उठून बसायची."

मास्तरांनी पान उलटलं. "माणसं निबर झाली असती, तर तुमच्याकडे कशाला आली असती? निबर दुसरंच कुणी झालंय."

मामा हसले. मास्तरांचं बोलणं नेहमीच असं तिरकं असे, त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते निम्मं सोडलं आणि डबा खालच्या फळीवर नीट लावला.

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मामीचं शिलाई मशीन, त्याच्याभोवती शाळेच्या गणवेशांचे ढीग. मामी कॉलर बसवायची. कंत्राटदार कापड टाकून जाई, मामी दिवसभर पाय चालवी आणि संध्याकाळी कॉलरींची थप्पी तयार असे. संडास अंगणापलीकडे, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच, आणि त्याच्यापुढे सदैव कुणीतरी बादली घेऊन उभं. म्हणून मामीने पाणी पिणंच कमी केलं होतं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की हात मोडतो, हात मोडला की कॉलर वाकडी येते, असा तिचा हिशेब. त्या हिशेबाचं व्याज म्हणून तिला वरचेवर लघवीला जळजळ होई, ओटीपोटात दुखे, कधी कणकण येई.

याचं औषध घरातच होतं. मामांचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना गुप्त अभिमानही होता : घरच्यांना खालच्या फळीचं द्यायचं नाही. गिऱ्हाइकाला ऐपतीप्रमाणे, पण घरी यायचं ते वरच्याच फळीवरचं. नवा डबा आला, की गल्लीतल्या कुणाच्या तोंडात जायच्या आधी त्यातल्या दोन-चार गोळ्या मामांच्या खिशातून घरी येत. दुधावरची साय घरच्यांच्या वाट्याला यावी, तशी. दुसऱ्या नवऱ्यांनी बायकोला काय काय आणलं असेल. मामांनी मामीला दर वेळी त्या काळातलं सर्वांत जालीम औषध आणून दिलं.

मामी ते दोन दिवस घेई. जळजळ थांबली की सोडून देई आणि उरलेलं डब्यात टाकी. बरं वाटल्यावर गोळी खाणं म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा पानावर बसणं, असं तिचं मत होतं, आणि औषधाच्या बाबतीत मामांचं तिच्याशी कधी दुमत झालं नाही. तिची बहीण आली की म्हणे, तुझं बाई बरं आहे, घरातच दवाखाना. मामी दोरा तोडत म्हणे, "दवाखाना कुठला गं, कंपाउंडर मिळालाय. तोही जन्माचा."

मग नियम आला. तो लाल अक्षरांच्या पाटीवर आला आणि मालकांनी ती दर्शनी भागात लावली : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके मिळणार नाहीत. लोकांनी पाटी वाचली. त्यांतल्या कुणीही जन्मात कधी प्रतिजैविक विकत घेतलं नव्हतं. ते भारी गोळी घेत. त्यामुळे पाटीचा कुणाला त्रास झाला नाही.

त्रास झाला तो मालकांना, कारण तपासनीस आता चिठ्ठ्या बघणार होता. पण मालक डोकं शाबूत असलेले गृहस्थ होते. त्यांनी गल्लीतल्या डॉक्टरांना गाठलं आणि डॉक्टरांनी आपलं चिठ्ठ्यांचं एक जाडजूड पॅड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सही करून देऊन टाकलं. वरची जागा मामांनी भरायची. सुरुवातीला मामांचं अक्षर फारच वळणदार येई, ते डॉक्टरचं वाटेना. मग फावल्या वेळात सराव करून त्यांनी ते बिघडवलं. नियमाआधी गोळी चिठ्ठीशिवाय जात होती, नियमानंतर चिठ्ठीसकट जाऊ लागली. गोळी तीच, कात्री तीच. तपासनिसाने पॅड चाळलं, मान डोलावली आणि चहा घेताना म्हणाला की सगळेच दुकानदार असं चोख काम करतील, तर हा प्रश्न चुटकीसरशी सुटेल.

याच सुमारास एका सकाळी मामीने मशीनवरून पाय काढला आणि आपण जरा पडते म्हणाली. मामी दिवसा पडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. तिला थंडी भरून आली होती, दात वाजत होते, अंगावर घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण घातलं तरी हुडहुडी थांबेना. मामा दुकानात गेले, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचं, त्यातलंही नवं, घेऊन आले.

पहिला दिवस गेला. औषध चढायला वेळ लागतो, असं मामा म्हणाले. हे वाक्य ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत, त्यामुळे ते सहज आलं. दुसऱ्या दिवशी ताप तसाच, वर कमरेत कळ. त्यांनी शेजारचा डबा उघडला आणि दोन्ही एकत्र दिली. तिसऱ्या दिवशी मामी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "अहो, काही फरक नाही."

हे शब्द मामांनी आयुष्यभर टेबलाच्या अलीकडून ऐकले होते. ते ऐकलं की हात आपोआप वर जाई, वरच्या फळीकडे. आताही ते उठून दुकानात आले आणि स्टुलावर चढून उभे राहिले. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. वरच्या फळीवरचे सगळे डबे त्यांनी एकेक करून हातात घेतले आणि परत ठेवले. यातलं प्रत्येक कधी ना कधी घरी जाऊन आलं होतं. फळीच्या वर पोपडे आलेलं छत होतं. मालकांनी खालून विचारलं, काय शोधताय. मामा म्हणाले, काही नाही. आणि ते खरं होतं.

संध्याकाळी मुलगी आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कारखान्यात खोकी भरायचं काम करायची. कामावरून तशीच, डोक्याचा रुमालही न सोडता आली. आईच्या कपाळाला हात लावला, तर मामी तिलाच कंत्राटदार समजून कॉलरी उद्या देते म्हणून सांगू लागली. मुलीने उशाशी पसरलेल्या पुड्या बघितल्या. बापाला ती सहसा उलट बोलत नसे.

"बाबा, दुकान घरात मांडून बसलात होय? माणूस शुद्धीवर नाहीये."

तिनेच शेजाऱ्याची रिक्षा आणली, आईला उचलून आत घातलं आणि मामांना पुढे बसायला सांगितलं. ते बसले.

मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली, ती दाराजवळची. डॉक्टरीण तरुण होती आणि चेहऱ्यावरून बरेच दिवस झोपली नसावी अशी. तिने विचारलं, आधी काय काय औषधं झालीत. मामांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या काही नावांपर्यंत ती लिहीत होती. मग तिने पेन थांबवलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"हे सगळं कुणी लिहून दिलं?"

मामा म्हणाले, त्यांचं औषधाचं दुकान आहे; म्हणजे मालकाचं आहे, ते कामाला आहेत. तिने सलाईन लावायला सांगितलं, दवाखान्यातलं जे होतं ते सुरू केलं, आणि जंतू कोणते आहेत ते तपासायला रक्त व लघवी पाठवली. त्याचा निकाल यायला वेळ लागतो, जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध घालून बघावं लागतं, असं तिने मुलीला समजावून सांगितलं. मामांना नाही.

निकाल येईपर्यंत मामीचा श्वास भरभर चालू लागला आणि पायांवर सूज आली. मुलगी खाटेजवळून हलली नाही. मामा व्हरांड्यात बसून राहिले. समोरून औषधांच्या गाड्या जात. एरवी त्यांनी मान उंचावून डबे वाचले असते. आता ते खाली फरशीकडे बघत.

निकाल डॉक्टरणीने उभ्या-उभ्याच सांगितला. जंतू एकेका औषधाला कसे दाद देत नाहीत, ते ती नाव घेऊन सांगत गेली, आणि मामांना ती नावं ऐकता ऐकता चमत्कारिक वाटू लागलं. ती ज्या क्रमाने बोलत होती, तो त्यांच्या ओळखीचा होता. आधी खालची फळी झाली. मग मधली. मग ती वरच्या फळीवर आली आणि तीही संपली. जणू ती त्यांच्या दुकानात उभी राहून बोट फिरवत होती. मध्ये एका ठिकाणी ते नकळत "तेही?" म्हणून गेले. ती म्हणाली, तेही.

मग तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्यापुढे बसली. रागावलेली नव्हती. रागवायला लागतं तेवढंही बळ तिच्यात उरलं नसावं.

"मामा, पुरतं औषध दिलं की जंतू मरतात. दोन दिवस देऊन सोडलं, की कच्चे मरतात आणि पक्के राहतात. त्या पक्क्यांचीच पुढे वीण वाढते. तुम्ही दर वेळी त्यांची शिकवणी घेतलीत. आणि यांच्या अंगात तर सगळ्यात वरच्या इयत्तेची."

मामा म्हणाले, "मी तिला कधी हलकं दिलं नाही हो."

"तेच म्हणतेय मी," डॉक्टरीण म्हणाली.

एक औषध उरलं होतं. ते जुनं होतं, मूत्रपिंडाला जड म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी बाजूला टाकलेलं. आता दुसरं काही चालत नाही म्हणून ते पुन्हा उकरून काढलं जाई. दवाखान्यात शिल्लक नव्हतं, फाटकाबाहेरच्या दुकानात मिळालं असतं. तिने चिठ्ठी लिहिली. मामा जवळजवळ धावतच गेले.

फाटकाबाहेरच्या दुकानात टेबलामागे एक जाड चष्म्याच्या फार्मासिस्ट बाई होत्या. त्या चौकटीत नव्हत्या, खुर्चीत होत्या. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि परत पुढे सरकवली. या औषधाला विभागाचा शिक्का लागतो, तो घेऊन या.

मामांनी सांगितलं, पेशंट सीरियस आहे, चिठ्ठी आत्ताच लिहिलीय, डॉक्टरीण वरच बसलीय. बाई म्हणाल्या, मग शिक्काही वरच असेल. मामा टेबलावर किंचित वाकले. आवाज खाली आणला. रोज समोरून ऐकलेला हा आवाज आपल्याच गळ्यातून निघतोय, हे त्यांना ऐकू आलं.

"द्या ना ताई. मी याच लाइनमधला आहे."

"मग तुम्हाला मी सांगायला नको."

मामा जिने चढून वर गेले. छाती भात्यासारखी हलत होती. शिक्का मारून घेतला, पुन्हा खाली आले आणि बाईंनी लगेच औषध काढून दिलं, वर कसं न्यायचं तेही सांगितलं. बाईंचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मामांनी आपल्या टेबलावरून कधी कुणाला परत पाठवलं नव्हतं. नाही म्हटलं की माणूस मरतो, अशी त्यांची का कोण जाणे समजूत होती. माणूस जिने चढतो आणि परत येतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

ते औषध मामीच्या अंगात थेंबाथेंबाने गेलं. आधी काही दिवस नुसतीच वाट बघणं होतं. मग ताप एक पायरी उतरला, मग दुसरी. मूत्रपिंडांनी जे सोसायचं ते सोसलं, त्यांतलं काही कायमचं. एका सकाळी मामीने मुलीला ओळखलं आणि कॉलरींचं काय झालं ते विचारलं. मुलगी रडली. मामा व्हरांड्यात जाऊन आले.

घरी सोडताना डॉक्टरणीने मामांना बाजूला घेतलं. ताप उतरलाय, ती म्हणाली, पण अंगातले सगळे जंतू गेले, असं मी म्हणणार नाही. पाणी भरपूर पाजा. अंग जरा तापलं तरी घरी काही देत बसू नका, लवकर इथे या.

मामांनी विचारलं, "लवकर आलो, तर काय द्याल?"

डॉक्टरणीने हातातले कागद नीट लावले. पुन्हा एकदा लावले. मग म्हणाली, "लवकर या."

मामा पुन्हा दुकानात जाऊ लागले, पण त्यांची कात्री चालेना. घरी मशीनशेजारी पाण्याचा मोठा तांब्या आला होता, आणि तो रिकामा होतोय का हे बघायला मुलगी एक दिवसाआड येत होती. मामी म्हणे, एवढं तर मशीनलाही तेल घालत नाही कुणी. दुकानात मात्र मामांनी प्रश्न बदलला होता. हलकं का भारी, हे ते विचारेनात. चिठ्ठी विचारू लागले, आणि तीही पॅडातली नव्हे. चिठ्ठी असेल त्याला पुरतं औषध देत आणि शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं म्हणून बजावत. नसेल त्याला मोठ्या दवाखान्याची वाट सांगत.

गल्लीला हे बाधलं. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली नातवाला कडेवर घेऊन आली. नातवाचं नाक वाहत होतं, बाकी तो काउंटरवरच्या काचेवर हात आपटण्याइतका ठणठणीत होता. तिने नेहमीसारखी भारी गोळी मागितली. मामा म्हणाले, सर्दी आहे, सर्दीला ती लागत नाही, आपोआप जाईल. ती म्हणाली, इतकी वर्षं लागत होती, आता लागत नाही? मामांनी जंतूंचं, शिकवणीचं, इयत्तांचं सांगायचा प्रयत्न केला. डॉक्टरणीच्या तोंडून ते सरळ आलं होतं. त्यांच्या तोंडून ते एखाद्या माणसाने अचानक कीर्तन करावं तसं येऊ लागलं.

इस्त्रीवालीने ऐकून घेतलं. नातू या कडेवरून त्या कडेवर घेतला.

"मामीला मात्र मोठ्या दवाखान्यात नेलंत, तिथलं महागडं औषध आणलंत. आणि आमच्या पोराला आपोआप जाईल होय?"

याला उत्तर असं होतं, की मामीला सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून भारी दिलं म्हणूनच न्यावं लागलं. पण ते खुद्द त्यांनाही अजून नीट गिळता आलं नव्हतं, तर दुसऱ्याला कुठून भरवणार? इस्त्रीवाली रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. तिथल्या माणसाने पुडी बांधून दिली, आणि वर त्याच्याकडच्या पॅडवर चिठ्ठीही लिहिली. त्याचं अक्षर मामांपेक्षा खराब होतं.

असं आठवडाभर बघून मालक बोलले. मालक आवाज चढवत नसत. ते म्हणाले, "मामा, वैराग्य आलं असेल तर ते घरी ठेवा. गल्ली बरी होणारच आहे. ती इथे व्हावी, एवढंच माझं म्हणणं." मग त्यांनी पॅड आपल्याकडे घेतलं, मांडणीपुढे स्वतः उभे राहिले आणि मामांना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कापूस, साबण आणि लहान मुलांच्या पावडरी यांच्याकडे बसवलं. मास्तर पायरीवर होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून मामांपुढे ठेवली आणि उठून गेले.

मामा बसल्या जागेवरून कात्रीचा आवाज ऐकत. मालकांना स्टुलावर चढायचा सराव नव्हता, ते धापा टाकत. एकदा उतरताना त्यांच्या हातात डबा होता, वरच्या फळीवरचा. तो त्यांनी मधल्या फळीवर ठेवला. मामांनी तो ओळखला. मामीला घरी सगळ्यात शेवटी दिला होता तोच.

तपासणी झाली. तपासनिसाने पॅड बघितलं, समोरच्या दुकानाचंही बघितलं, आणि वर अहवाल पाठवला. त्यात नमूद केलं, की विभागातील सर्व दुकानांतून प्रतिजैविकांची विक्री शंभर टक्के वैध चिठ्ठीवर होत असून विनाचिठ्ठी विक्रीस पूर्ण पायबंद बसला आहे. सबब औषधास दाद न देणाऱ्या जंतूंचा धोका या विभागापुरता आटोक्यात आल्याचे मानण्यास हरकत नाही. सदर दुकानातील एक साहाय्यक गिऱ्हाइकांस परत पाठवतो अशी तोंडी तक्रार आली, त्यास समज देण्यात यावी. बाकी काम समाधानकारक.

समज देण्यात आली. त्याच दुपारी मामीला थंडी वाजून ताप भरला.